आधी आटे बघा, मग नाव

उल्हासनगर कॅम्प १ मधून आम्ही बचत गटाच्या बायका बोलतोय. आज बोलणार आहोत कॅमेऱ्याच्या लेन्सबद्दल. हसू नका. आमच्या गटाचे ४,००० रुपये एका लेन्सपायी अडकले होते, तेव्हा आम्हालाही हसू येत नव्हतं.

झालं असं. आमच्या गटातल्या एका ताईंची मुलगी लग्नाच्या फोटोग्राफरकडे मदतनीस म्हणून जाते. घरी माळ्यावर तिच्या आजोबांचा झोर्की-४ होता, रिळाचा जुना रशियन कॅमेरा. लेन्स मात्र कधीच हरवलेली. तिच्या मनात आलं, याला लेन्स घ्यावी आणि यावर हात बसवावा. आईच्या नावावर अंतर्गत कर्ज मागितलं. सभेत आम्ही विचारलं, "कुठली लेन्स?" ती म्हणाली, "ज्युपिटर-८." नाव भारदस्त वाटलं. ठराव लिहिला, सह्या केल्या.

लेन्स आली, पण कॅमेऱ्यावर बसेचना. नाव बरोबर, आकडे बरोबर, मागचं तोंड मात्र वेगळं. विकणारा म्हणाला, मागितली तीच दिली, परत घेणार नाही.

पुढच्या सभेत वाद झाला. कुणी म्हणालं, ताईंनीच भरावेत पैसे. तेव्हा शिवणकाम करणाऱ्या आमच्या मावशी बोलल्या, "१६ नंबरची सुई आण, एवढंच सांगून भागतं का गं? घरच्या मशीनची सुई वरून एका बाजूला चपटी, फॅक्टरीतल्या मशीनची गोल. नंबर तोच, तरी बसत नाही. सह्या करताना आपण काय विचारलं? फक्त नाव." सगळ्या गप्प झाल्या. मग आम्ही ठरवलं, आधी समजून घ्यायचं. जे समजलं ते तुम्हाला सांगतो.

हा कॅमेरा रेंजफाइंडर जातीचा. यात आपण लेन्समधून बघत नाही, वरच्या छोट्या खिडकीतून बघतो. खिडकीत मधोमध एक फिकट ठिपका असतो आणि त्यात समोरच्या माणसाची दुसरी प्रतिमा दिसते. लेन्सची कडी फिरवली की दोन प्रतिमा सरकत जवळ येतात. दोन्हींची एक झाली की फोटो स्पष्ट. हे होतं कारण लेन्सचा मागचा भाग कॅमेऱ्यातली एक बारीक दांडी मागेपुढे ढकलतो. म्हणून लेन्स नुसती बसून चालत नाही, त्या दांडीशी तिचं जमावं लागतं.

आता लेन्सवर काय लिहिलेलं असतं ते बघू. कागद-पेन जवळ असेल तर लिहून घ्या.

पहिलं, आकडे. '१:२' म्हणजे लेन्सचं भोक जास्तीत जास्त किती उघडतं. इथे आकडा लहान तर भोक मोठं. १:२ ची लेन्स १:३.५ च्या लेन्सपेक्षा साधारण तिप्पट उजेड आत घेते. घरातल्या बारशाला, डोहाळजेवणाला हा फरक कळतो. दुसरा आकडा '५०', म्हणजे ५० मिलिमीटर. ३५ ची लेन्स आजूबाजूचं जास्त दाखवते, ९० ची लांबचं जवळ आणते, ५० ची दोन्हींच्या मध्ये. जुन्या रशियन लेन्सवर ५० च्या जागी नुसता '५' दिसला तर घाबरू नका. तो सेंटिमीटरचा आकडा असतो.

दुसरं, नाव. नाव लेन्सचं घराणं सांगतं. जर्मनीच्या झाइस कंपनीची 'टेसार' ही १९०२ सालची. ग्रीक भाषेत चारला जो शब्द आहे त्यावरून नाव पडलं, कारण आत चार भिंगं. रशियन 'इंडस्टार' त्याच पद्धतीची. झाइसचीच 'सोनार' लेन्स आहे. आपल्या सोनाराशी संबंध नाही, जर्मन भाषेतल्या सूर्यावरून आलेलं नाव ते. दुसऱ्या महायुद्धानंतर झाइसचं सामान आणि ज्ञान सोव्हिएत रशियाकडे गेलं, आणि सोनारवरून 'ज्युपिटर-८' झाली. लायका कंपनीच्या नावांत तर बहुधा उजेडाचाच हिशोब असतो. 'समिक्रॉन' म्हटलं की १:२, 'समिलक्स' म्हटलं की १:१.४, 'एल्मारिट' म्हटलं की १:२.८. नाव भारी म्हणजे आपल्याला उपयोगी, असं मात्र नाही. लायकाच्या लेन्सची किंमत आपल्या गटांच्या आवाक्याबाहेर असते.

तिसरं, आणि आम्ही चुकलो ते इथेच: मागचं तोंड. झोर्की आणि फेड या सोव्हिएत कॅमेऱ्यांना बरणीच्या झाकणासारखे आटे असतात, ३९ मिलिमीटरचे. किएव्ह नावाच्या कॅमेऱ्याला आटे नसतात. तिथे लेन्स जुन्या बल्बसारखी खाचेत घालून फिरवावी लागते. ज्युपिटर-८ दोन्ही प्रकारांत निघायची. आमच्याकडे आली ती किएव्हची. ओळखायची खूण सोपी आहे: किएव्हच्या ५० च्या लेन्सवर अंतराचे आकडे नसतात, ते कॅमेऱ्यावर असतात.

अजून एक फसगत होते. झेनिट कॅमेऱ्याच्या जुन्या लेन्सलाही ३९ चेच आटे. ती झोर्कीवर घट्ट बसते आणि आपण खूश होतो. पण झेनिटमध्ये लेन्सपासून रिळापर्यंतचं अंतर साधारण ४५ मिलिमीटर, झोर्कीत २९ च्या आतच. शिवाय ती लेन्स त्या दांडीशी बोलतच नाही. सगळं रीळ धूसर निघतं. म्हणून विकणाऱ्याला नुसतं "बसेल का?" विचारू नका. "झोर्कीवर लावून दाखवा" म्हणा.

मग पहिली लेन्स कुठली? आम्ही सांगू, ५० ची. झोर्की-४ ची खिडकीच ५० च्या मापाची आहे. ३५ किंवा ९० घेतली तर वर वेगळी खिडकी विकत घेऊन लावावी लागते, म्हणजे खर्च दुप्पट. आणि ५० ला कमी समजू नका. कार्तिए-ब्रेसाँ नावाचे मोठे फ्रेंच छायाचित्रकार १९४७ साली कुरुक्षेत्राच्या निर्वासित छावणीत फिरले होते. लायका कॅमेरा आणि बहुतेक काम ५० च्याच लेन्सवर, अशी त्यांची पद्धत. आमचं उल्हासनगरही सिंधी निर्वासितांच्या छावण्यांतूनच उभं राहिलं, म्हणून आमच्या पत्त्यात अजून 'कॅम्प' लागतं. ती चित्रं आम्हाला परकी वाटत नाहीत.

जुनी लेन्स घेताना मोबाइलची बॅटरी लावून आरपार बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, आपल्याकडच्या पावसाळी दमटपणाची देणगी. अशी लेन्स घेऊ नका. कडी अडखळते का, बघा. मग लांबचं काहीतरी धरा. आम्ही शहाडच्या बिर्ला मंदिराचा कळस धरला. कडी आडव्या आठच्या खुणेपर्यंत फिरवली की खिडकीत कळस एकच दिसायला हवा. दोन दिसले तर दुरुस्तीचा खर्च आलाच. आणि झोर्कीवाल्यांनो, आधी चावी भरा, मगच वेगाची चकती फिरवा. उलट केलं तर आतलं बिघडतं.

आता आमच्या पैशांचं काय झालं? ती किएव्हची लेन्स मुलीच्या फोटोग्राफरच्या ओळखीनं एका किएव्हवाल्याला २,८०० रुपयांना गेली. १,२०० ची खोट आली. आम्ही बारा जणी, प्रत्येकीनं १०० भरले. सह्या सगळ्यांच्या होत्या ना. दुसरी लेन्स मुलीनं स्वतः कॅमेरा बरोबर नेऊन, लावून, तपासून घेतली. तिचे हप्ते मदतनिसाच्या मजुरीतून वेळेवर येतात.

एक स्पष्ट सांगतो. घरात असा कॅमेरा नसेल तर यासाठी कर्ज काढू नका. रीळ आणि धुलाईचा खर्च प्रत्येक वेळी येतो. पोटापाण्याचं काम आज डिजिटल कॅमेऱ्यावर चालतं. पण घरात असेल, तर नीट ओळखल्याशिवाय भंगारातही देऊ नका.

जाता जाता एक नाव. होमाई व्यारावाला, भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या. सुरुवातीला त्यांनी काढलेले फोटो नवऱ्याच्या नावानं छापले जायचे. पुढे त्यांचं स्वतःचं नाव झालं आणि २०११ साली पद्मविभूषण मिळालं. हे ऐकलं तेव्हा आमच्या लक्षात आलं, त्या मुलीचं कर्जही आईच्या नावावर होतं. गेल्या महिन्यात ती स्वतः गटाची सभासद झाली. पुढचा अर्ज तिच्या नावानं येईल. आम्ही विचारू, "कुठली लेन्स?" आणि या वेळी पुढचा प्रश्नही विचारू, "आटे कसले?"