साथ आणि विद्यार्थ्यांचे मन

पांढुर्णा-सौंसरकडील पुष्कळ मुले शिक्षणासाठी नागपूरला जातात. मध्ये राज्याची सीमा आहे हे एरवी कोणाच्या ध्यानीही येत नाही. २५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी लागू झाली आणि तीच सीमा भिंतीसारखी आडवी आली.

माझा एक जुना विद्यार्थी तेथे पदवीच्या अखेरच्या वर्षात होता. मे महिन्यात परवाना मिळवून तो सौंसरला परतला. चौदा दिवस त्याला वेगळ्या खोलीत ठेवले. आई दाराशी ताट ठेवी आणि ताप विचारी. ताप नव्हता, झोप नव्हती. पण झोपेविषयी कोणी विचारले नाही. परीक्षेचा घोळ तर २८ ऑगस्टपर्यंत चालला; मग परीक्षेवाचून पदवी नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. मी त्याला ‘धीर धर’ म्हणालो. तो गप्प झाला. आम्हा शिक्षकांची ही खोड जुनीच!

पांढुर्ण्याच्या गोटमारीत दगड लागला की रक्त दिसते, दहाजण धावतात. येथे धावावे कोणी?

शासनाने जुलै २०२० मध्ये ‘मनोदर्पण’ ही समुपदेशन-सेवा सुरू केली. २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर ‘टेलि-मानस’ आहे. परंतु दोन खोल्यांच्या घरात मुलाने बोलावे कोठे? हा मुलगा अखेर फोन घेऊन संत्र्याच्या बागेत गेला. तासाभराने परतला. कोणाशी बोललास, हे वडिलांनी विचारले नाही. त्या रात्री तो जेवला.