'सध्या' मुक्काम जमशेदपूर

(मंडळाच्या आषाढी एकादशीच्या स्नेहमेळाव्यात ६ जुलै २०२५ रोजी केलेले भाषण)



कार्यवाहांनी फोन केला आणि म्हणाले, "गेल्या वर्षात तुमचा बराच प्रवास झाला, त्यावर बोला." मी म्हटले, अहो, तो प्रवास काही सहलीचा नव्हता. त्यावर ते म्हणाले, "म्हणूनच बोला." आज एकादशी आहे, मागे स्वयंपाकघरात साबुदाण्याची खिचडी तयार आहे आणि तिचा वास इथपर्यंत येतो आहे. तेव्हा ती थंड होऊ न देण्याची जबाबदारी माझी!

आपल्यापैकी बहुतेकांना माहीत आहे की गेल्या भाऊबीजेला, ३ नोव्हेंबर २०२४ ला रात्री, आमचे वडील गेले. आम्ही त्यांना नाना म्हणत असू, आणि मंडळातही ते सगळ्यांचे नानाच होते. वय शहाऐंशी. १९६१ साली निफाड तालुक्यातून निघून ते इथे टेल्कोच्या फौंड्रीत लागले. तेव्हा ती टेल्को होती, २००३ मध्ये तिचे टाटा मोटर्स झाले, पण नाना शेवटपर्यंत टेल्कोच म्हणत. १९९८ मध्ये निवृत्त झाल्यावर त्यांनी कंपनीचे क्वार्टर सोडले आणि पूल ओलांडून मानगोला घर बांधले. त्या घराबद्दल ते एक विनोद नेहमी सांगत. इतिहासाची आवड असलेल्यांना ठाऊक असेल, १७५१ मध्ये नागपूरकर भोसले आणि बंगालचा नवाब अलीवर्दीखान यांच्यात तह झाला, त्यात मराठ्यांनी सुवर्णरेखा नदी ओलांडायची नाही असे ठरले होते. नाना म्हणत, "आमच्या फौजांनी कलम पाळलं. मी मात्र ते मानगोला घर बांधून मोडलं!"

ज्या नदीवरून हा विनोद होता, तिच्यावरूनच पुढे घरात वाद झाला. तो सांगतो.

माझे थोरले बंधू पुण्याला असतात. ते दुसऱ्या दिवशी दुपारी रांचीपर्यंत विमानाने आणि तिथून मोटारीने पोचले. तोपर्यंत सगळी तयारी शेजाऱ्यांनी केली होती. आमच्या उजव्या हाताचे शेजारी छपऱ्याकडचे. त्यांच्या घरी छठ असते. ५ तारखेला त्यांचे 'नहाय-खाय' होते, म्हणजे व्रत एका दिवसावर आलेले. व्रताच्या घरात सोवळे किती कडक असते हे तुम्हां इथल्या मंडळींना सांगायला नको. अशा वेळी स्मशानात जाऊन येणे त्यांना चालत नाही. आम्ही त्यांना म्हटलेही, की तुम्ही दारातूनच नमस्कार करा. पण त्यांचा धाकटा मुलगा आला, त्याने भुइयांडीहच्या घाटापर्यंत खांदा दिला, आणि मग छठ संपेपर्यंत चार दिवस तो स्वतःच्या घरी गेलाच नाही, मित्राकडे राहिला. मी त्याला नंतर विचारले, तर एवढेच म्हणाला, "चाचाजी हमारे भी तो थे."

तिसऱ्या दिवशी अस्थी गोळा केल्या आणि प्रश्न उभा राहिला. बंधूंचे म्हणणे असे, की आपल्या घराण्यातली सगळी माणसे रामकुंडात गेली. आजोबा, पणजोबा, सगळे. नानांच्या अस्थी नाशिकलाच गेल्या पाहिजेत. माझे म्हणणे होते, की नानांनी मला दोनदा सांगितले होते, "त्रेसष्ट वर्षं जिचं पाणी प्यालो, तिच्यातच मला सोडा." बंधू म्हणाले, "तुला सांगितलं असेल, मला नाही सांगितलं. आणि हे आपलं गाव नाही." या शेवटच्या वाक्याने मी चिडलो. मी म्हटले, "तुझं नसेल. माझा जन्म इथला आहे." वडील जाऊन दोन दिवस झालेले, आणि आम्ही साठीच्या आसपासचे दोघे भाऊ अंगणात असे बोलत होतो!

निकाल आईने दिला. ती एक्याऐंशी वर्षांची. आतून बाहेर आली आणि म्हणाली, "गोदावरीसुद्धा इकडच्याच समुद्राला मिळते ना रे? मग भांडता कशाला? निम्मं इथं, निम्मं तिथं." आम्ही दोघे गप्प बसलो. लहानपणी भूगोलात पाठ केलेले, की गोदावरी त्र्यंबकेश्वराजवळ ब्रह्मगिरीत उगम पावते, १४६५ किलोमीटर वाहते आणि बंगालच्या उपसागराला मिळते. सुवर्णरेखा रांचीजवळ उगम पावते आणि ओडिशाच्या किनाऱ्यावर त्याच उपसागराला मिळते. पण हे ज्ञान कामाला आणायला आई लागली.

त्याच दिवशी निम्म्या अस्थी आम्ही सुवर्णरेखेत सोडल्या, आणि ७ नोव्हेंबरला आई, बंधू, मी आणि माझी पत्नी नाशिकला निघालो. तो छठच्या संध्याकाळच्या अर्घ्याचा दिवस. मानगोच्या पुलावर डोक्यावर दऊरा घेतलेली माणसे घाटाकडे चाललेली, आणि आम्ही मांडीवर कलश घेऊन रिक्षात. पुलावर गाडी अडकणे ही तुम्हां-आम्हांला रोजची गोष्ट. पण त्या दिवशी कोणीतरी कलश पाहिला, पुढच्यांना सांगितले, आणि गर्दीने बाजूला होऊन आम्हांला वाट करून दिली. आईने दोन्ही हात जोडले. तिने कोणाला नमस्कार केला, नदीला की माणसांना, हे मी विचारले नाही.

टाटानगर ते नाशिकरोड हा प्रवास तुम्ही सगळ्यांनी केलेला आहे. चक्रधरपूर, राउरकेला, बिलासपूर, नागपूर, भुसावळ ही स्टेशने आपल्याला पाढ्यासारखी पाठ. आमच्या लहानपणी मे महिन्यात या रस्त्याने जाताना गोंदिया आले की नाना खिडकीतून मराठी पाट्या मोठ्याने वाचायला लावत. या वेळी गोंदिया आले तेव्हा कोणी काही बोलले नाही. आईने मात्र पाटी वाचली. हळू आवाजात, पण वाचली.

आता जी गोष्ट सांगण्यासाठी मी आज उभा राहिलो, ती सांगतो.

नाशिकला आपल्या क्षेत्रोपाध्यायांकडे घराण्याच्या वह्या असतात. कोण केव्हा आले, कोणाचे विधी केले, मुले कोण, राहणार कुठले, हे सगळे पिढ्यान्‌पिढ्या त्यात लिहिलेले असते. दहाव्याचे विधी आटोपल्यावर गुरुजींनी आमच्या घराण्याची वही काढली. लांबट, लाल कापडात गुंडाळलेली. पाने उलटता उलटता १९७४ ची नोंद सापडली. आजोबांच्या अस्थी घेऊन नाना आले होते तेव्हाची. अक्षर नानांचे, सही नानांची. आणि पत्ता असा : "सध्या मुक्काम टेल्को कॉलनी, जमशेदपूर, जिल्हा सिंहभूम, बिहार."

मी त्या 'सध्या' या शब्दावर थांबलो. १९७४ साली नानांना इथे येऊन तेरा वर्षे झाली होती. लग्न झाले होते, आम्ही दोघे भाऊ इथल्या शाळेत जात होतो. तरी ते 'सध्या'च होते! म्हणजे त्यांच्या मनात परत जायचे होते. ते मला कधी बोलले नाहीत. मग तो 'सध्या' केव्हा गळून पडला? क्वार्टर सोडून मानगोला घर बांधले तेव्हा? की १५ नोव्हेंबर २००० ला झारखंड झाले आणि घर जागचे न हलता आपले राज्य बदलले तेव्हा? मला सांगता येत नाही. मात्र "तिच्यातच मला सोडा" म्हणणाऱ्या माणसाच्या मनात तो शब्द उरला नव्हता, एवढे नक्की.

गुरुजींनी लेखणी माझ्या हातात दिली. बंधू शेजारी होते. मी नानांचे नाव, तिथी लिहिली आणि पत्त्याशी आल्यावर बंधूंकडे पाहिले. ते म्हणाले, "लिही." मी लिहिले, "मुक्काम मानगो, जमशेदपूर, जिल्हा पूर्व सिंहभूम, झारखंड." 'सध्या' लिहिले नाही. बंधूंनी खाली सही केली.

त्यानंतरच्या प्रवासांबद्दल थोडक्यात सांगतो. फेब्रुवारीत आईने जगन्नाथपुरीला जायची इच्छा सांगितली. पुरुषोत्तम एक्सप्रेसने गेलो. देवळाच्या सिंहद्वारापुढे जो उंच अरुणस्तंभ आहे, तो मूळचा कोणार्कचा. मराठ्यांच्या अमलात, अठराव्या शतकात, तो तिथून आणून पुरीला उभा केला. आईला हे सांगितले तर ती म्हणाली, "म्हणजे तोही बदली होऊनच आला की!" संध्याकाळी समुद्रावर गेलो. तिने विचारले, "सुवर्णरेखा कुठल्या बाजूला मिळते?" मी डावीकडे, वर उत्तरेला हात केला. "आणि गोदावरी?" मी उजवीकडे, दक्षिणेला हात केला. पुरी या दोन मुखांच्या मध्ये आहे. ती बराच वेळ पाण्यात पाय ठेवून उभी होती. नाना गेल्यापासून ती आमच्यासमोर रडली नव्हती. तिथे रडली. आम्ही थोडे मागे सरकून उभे राहिलो.

मार्चमध्ये देवघरला गेलो, नानांच्या नावाने अभिषेक करायला. आपल्या लोकांत एक जुना वाद आहे, ज्योतिर्लिंग वैजनाथ म्हणजे परळीचा की देवघरचा? नाना कंपनीत परळीची बाजू घेत आणि श्रावणात मात्र न चुकता देवघरला जात! त्याच देवघरजवळच्या करों गावी १८६९ साली सखाराम गणेश देउस्करांचा जन्म झाला. घराणे मराठी, पण त्यांनी लिहिले बंगालीत. १९०४ मध्ये त्यांचे 'देशेर कथा' निघाले. इंग्रजी राज्यात देश कसा लुटला जातो हे त्यांनी त्यात लोकांच्या भाषेत मांडले, आणि १९१० मध्ये सरकारने पुस्तकावर बंदी घातली. टिळकांचे हे अनुयायी बंगालच्या सार्वजनिक जीवनात इतके मिसळून गेले, तरी त्यांचे मराठीपण कोणी विसरले नाही. 'सध्या' पुसले म्हणजे मूळ पुसते असे नाही, हे त्यांच्याकडे पाहून कळते.

आणि मे महिन्यात बेंगळूरूला माझ्या मुलीला मुलगी झाली. एक्याऐंशी वर्षांची पणजी आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसली. बारशाला आईने पाळण्याची दोरी धरली. रात्री जावईबापूंनी सहज विचारले, "हिला कोणी विचारलं, तू मूळची कुठली, तर काय सांगायचं?" जावईबापू स्वतः धारवाडचे. मुलगी हसली आणि म्हणाली, "निफाड, जमशेदपूर, धारवाड, बेंगळूरू. पाठ करायला तिला वेळ आहे." मला ते उत्तर फार आवडले. पण त्याच वेळी एक काळजीही वाटली. हे तिला सांगणार कोण? नाना असते तर सांगितले असते. नानांनी १९६१ मध्ये पहिली रात्र या शहरात कुठे काढली, कोणी त्यांना जेवायला घातले, हे मला माहीत नाही. ते आता कोणाकडेच नाही.

म्हणून माझी मंडळाला एक विनंती आहे. आपली इथली कुटुंबे आता तिसऱ्या-चौथ्या पिढीत आहेत. कोण पहिल्यांदा आले, कोणत्या गावाहून, कोणत्या साली, कोणत्या खात्यात लागले, कोणाच्या ओळखीने, पहिले घर कुठे होते, हे लिहून ठेवणारे आपले क्षेत्रोपाध्याय कोणी नाहीत. ती वही मंडळाने ठेवावी. येत्या गणेशोत्सवात मंडपात एक टेबल मांडू, एक जाड वही ठेवू. प्रत्येक घरातल्या सर्वांत वडील माणसाने स्वतःच्या अक्षरात एक पान लिहावे. स्वतःच्या अक्षरात, हे महत्त्वाचे! मला १९७४ चे ते अक्षर दिसले नसते तर वडिलांच्या मनातली एवढी मोठी गोष्ट कळलीच नसती. ज्यांना हात कापल्यामुळे लिहिता येत नाही त्यांचे नातवंडांनी लिहून घ्यावे. पत्त्याच्या आधी 'सध्या' लिहायचे की नाही, ते ज्याचे त्याने ठरवावे. टेबलाशी बसायला मी दहाही दिवस येईन.

आणखी एक. मंडपाची लोखंडी चौकट नानांनी बनवलेली आहे. तिचे नटबोल्ट त्यांनी एका बिस्किटाच्या डब्यात मोजून ठेवले आहेत, एकशे बारा, आणि कोणता कुठे बसतो याचा कागद झाकणाच्या आत चिकटवला आहे. तो डबा मी आज बरोबर आणला आहे. दोन तरुण कार्यकर्त्यांनी कार्यक्रमानंतर माझ्याकडून तो समजून घ्यावा, म्हणजे चतुर्थीच्या आदल्या रात्री धावपळ होणार नाही.

 चला, खिचडी वाट पाहते आहे.