पाऊल आधार केव्हा मागते?



या व्यासपीठावरून आपण इतिहास ऐकता, तत्त्वज्ञान ऐकता. आम्ही आज आपले लक्ष त्याहून पुष्कळ खाली, म्हणजे आपल्याच पावलांकडे नेणार आहोत. दिवसातून चार वेळा आरशात तोंड पाहणारा माणूस स्वतःचे तळपाय सहा-सहा महिने पाहत नाही. ते दुखू लागले की मात्र शेजारी सांगतो, “बुटात पट्टी घालून घ्या.” ही पट्टी कोणाला हवी आणि कोणाला नको, एवढाच आमचा विषय आहे.

एका पावलात २६ हाडे असतात. ती कमानीसारखी रचलेली असून टाचेपासून बोटांच्या मुळापर्यंत एक चिवट पट्टा ही कमान खालून ताणून धरतो. भार पडला की कमान किंचित दबते, पाऊल उचलताना पुन्हा ताठ होते. ही रचना कोठे ढळली, तर बाहेरून हातभार द्यावा लागतो. जोड्यात घालायचा घडीव सुखतळा, चवड्याच्या मागे दिलेला उंचवटा, घोट्याला धरणारी पट्टी, हे सारे त्याच जातीचे. डॉक्टर त्याला ‘ऑर्थोसिस’ म्हणतात. आपण आधार म्हणू.

प्रथम, ज्यांना तो बहुधा लागत नाही त्यांच्याविषयी. ओल्या पायांनी न्हाणीघरातून आलेल्या मुलाचा सबंध तळवा फरशीवर उमटलेला पाहून आई घाबरते. पाच-सहा वर्षांपर्यंत बहुतेक मुलांचे पाय सपाटच दिसतात. मुलाला चवड्यांवर उभे करावे. कमान वर आली आणि पाय दुखत नसला, तर त्याला अंगणात खेळू द्यावे. १९९२ साली आपल्याच देशातील दोन डॉक्टरांनी २३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासले. सपाट पायांचे प्रमाण पादत्राणे घालणाऱ्या मुलांत शेकडा ८.६ आणि अनवाणी हिंडणाऱ्यांत २.८ निघाले. लहानपणापासून पाय बंद बुटात कोंडण्याची आपली हौस यावरून तपासून पाहावी, असे आम्हांला वाटते. परंतु चवड्यावर उभे राहूनही कमान येत नसेल, पाय दुखत असेल, किंवा एकच पाय सपाट असेल, तर डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे.

सकाळी अंथरुणातून उठून पहिले पाऊल टाकताच टाचेत सुरी खुपसावी तशी कळ येते आणि चार पावलांनी ती ओसरते, हे गाऱ्हाणे आपल्यापैकी अनेकांचे असेल. पोटरी आणि तळवा ताणण्याचे व्यायाम, टाचेखाली मऊ वहाण, घरातल्या कडक फरशीवरही अनवाणी न चालणे, एवढ्याने पुष्कळांना काही महिन्यांत उतार पडतो. सुखतळा घ्यायचाच तर प्रथम साधा, तयार घ्यावा. मापाने घडवलेला महागडा सुखतळा टाचदुखीवर त्याहून विशेष गुणकारी ठरल्याचे अभ्यासांत दिसलेले नाही.

चाळिशी-पन्नाशीनंतर एकाच पायाची कमान खचू लागली, घोट्याच्या आतल्या बाजूस सूज आली, त्या एका पायावर उभे राहून टाच उचलता येईना, तर मात्र थांबू नये. कमान उचलून धरणारा स्नायुबंध तेथे थकलेला असतो. त्याला वेळीच आधार मिळाला तर पुढची शस्त्रक्रिया टळू शकते.

आता ज्यासाठी आम्ही हा विषय घेतला ते सांगतो. दुखणारा पाय आपल्याला डॉक्टरांकडे नेतो. न दुखणारा पाय नेत नाही. आमच्या परिचयाचे एक निवृत्त शिक्षक पंधरा वर्षांचे मधुमेही. एके संध्याकाळी फिरून आले, तेव्हा पत्नीला ओसरीवर रक्ताचे डाग दिसले. वहाणेत खिळा वर आला होता. त्यावरून गुरुजी दोन मैल चालून आले होते आणि त्यांना पत्ता नव्हता! जखम भरायला तीन महिने लागले. एक बोट गेले. ते आम्हांला म्हणाले, “दुखत नव्हते, म्हणून पाय चांगला आहे असे समजत होतो.”

कुष्ठरोग्यांच्या पायांच्या बाबतीत हेच रहस्य वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी उलगडले. रोग मांस खातो अशी समजूत होती. प्रत्यक्षात बधिर तळव्याच्या एकाच जागी पुनःपुन्हा दाब पडून व्रण होत असत. म्हणून भार सगळ्या तळव्यावर वाटून देणाऱ्या मऊ रबराच्या वहाणा आल्या. मधुमेह्याच्या पायालाही तोच न्याय लागू आहे. त्याच्या तळव्यावरचा घट्टा ही पुढच्या जखमेची सूचना असते. तो घरी ब्लेडने कापू नये, कुरुपाचे औषधही लावू नये. देवळाच्या तापल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा घालून तळवे भाजून घेतलेले मधुमेही दरवर्षी उन्हाळ्यात येतात. देव रागावणार नाही. मोजे घालावेत किंवा सकाळी जावे.

घरी करण्याजोगी एक परीक्षा आहे. डोळे मिटून बसावे. दुसऱ्याने दोन्ही पायांचा अंगठा, मधले बोट आणि करंगळी यांच्या टोकांना क्षण-दोन क्षण नुसते बोट टेकवावे, दाबू नये. सहांपैकी दोन किंवा अधिक स्पर्श कळले नाहीत, तर पाय दुखो न दुखो, दाखवायला जावे. आणि बधिर पाय एकाएकी सुजून गरम लागू लागला, तर त्यावर भार न देता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. आतली हाडे मोडत असूनही पाय दुखत नाही, असे तेथे घडते.

आधार मिळाल्यावरही पहिल्या दिवशी तास-दीड तासच वापरावा, मग तळवा पाहावा. उमटलेली लाली अर्ध्या तासात गेली नाही, तर तो परत नेऊन दुरुस्त करवावा. मुंबईत हाजीअलीजवळ १९५५ सालापासून असलेल्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्थेत अशी साधने बनवतात.

तपासायला जाताना जुनी वहाण बरोबर न्यावी. मंडपाबाहेर आज आपल्या वहाणा आहेतच. घालण्यापूर्वी एकदा उलटून पाहा. टाचेची बाहेरची कड थोडी झिजलेली असते, ती बहुतेकांचीच. आतली कड झिजली असेल, किंवा एकच वहाण दुसरीपेक्षा फार झिजली असेल, तर तीच डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. आणि आत हात घालून खिळा वर आला आहे का, तेही चाचपा.