राखी पोपटाचें दुसरें घर

पोपट म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें हिरवा राघू, पेरूची फोड आणि ओटीवर टांगलेला पिंजरा उभा राहतो. परंतु तो जुना छंद आतां कायद्यास मान्य नाहीं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें आपल्या रानांतील पोपट पाळणें हा गुन्हा आहे. म्हणून हौशी मंडळींची दृष्टि परदेशी पक्ष्यांकडे वळली. त्यांत पहिला मान आफ्रिकेंतील लाल शेपटीच्या राखी पोपटाचा. अमेरिकेंत आयरीन पेपरबर्ग या विदुषींनीं १९७७ सालीं घेतलेला ॲलेक्स नांवाचा राखी पोपट रंग, आकार व लहान संख्या ओळखून सांगत असे. राखी पोपटाची रानांत इतकी धरपकड झाली कीं, २०१६ सालीं जोहान्सबर्गच्या परिषदेंत रानांतून धरलेल्या राखी पोपटांचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद करण्याचें ठरलें.

बाजारांत येणारें बोलकें पिलूं पिंजऱ्यांत जन्मलेलें असतें. त्याच्या आईबापांचा विचार मात्र सहसा कोणी करीत नाहीं. पैदाशीच्या जोडीस एक पिंजरा, एक लांकडी पेटी आणि दाणापाणी मिळतें. मादी बहुधा तीन-चार अंडीं घालते व सुमारें चार आठवडे उबवते. पुढें पिलें माणसाळावीं म्हणून तीं लहानपणींच काढून घेऊन हातानें भरविण्याची रीत आहे. वर्षामागून वर्षें हेंच चालतें. मग मालकाचा व्यवसाय बंद झाला, किंवा पक्षी थकला, म्हणजे त्याचें करावयाचें काय?

पुण्यांतील एका कुटुंबापुढें हाच प्रश्न आला. पैदास बंद करणाऱ्या एका गृहस्थानें त्यांस अठरा वर्षांची मादी विनामूल्य देऊं केली. तिचा जोडीदार मेला होता. मुलगा हर्षला, आतां घरांत पोपट बोलणार! वडिलांनीं प्रथम कागद मागितले, आणि तें योग्यच झालें. फेब्रुवारी २०२४ मध्यें निघालेल्या नियमांप्रमाणें अशा पक्ष्याची नोंदणी करावी लागते, आणि त्याचा मालक बदलल्यास तेंही सरकारास कळवावें लागतें.

कागद बरोबर निघाले. परंतु पक्षी पाहतांच मुलाचा उत्साह मावळला. कोणी जवळ जातांच ती कोपऱ्यांत सरून गुरगुरे. छातीवरचीं पिसें तिनें स्वतःच उपटलेलीं होतीं. मुलगा म्हणाला, "ही तर आपल्याला शत्रूच समजते." त्यावर आजी म्हणाल्या, "तिचें काय चुकलें रे? हात आला कीं पिलें गेलीं, एवढेंच तिनें जन्मभर पाहिलें."

पशुवैद्यांनीं तपासून सांगितलें कीं, केवळ सूर्यफुलाच्या बियांवर राहिल्यानें शरीरांत अ जीवनसत्त्वाची व चुन्याची उणीव पडते. भाजी व फळें तिला हळूहळू शिकवावीं लागतील. पेटी व अंधारे कोपरे दूर ठेवावेत आणि पाठीवरून हात फिरवूं नये, नाहीं तर पुन्हा अंडीं घालण्याची प्रेरणा होते. एखादें अंडें अडून जीवावरही बेततें. अन्न न चिकटणारा तवा अति तापला तर त्याचा धूर पक्ष्यास प्राणघातक ठरतो, हें ऐकून आईनें तो तवा काढून टाकण्याचें कबूल केलें. तिच्याच जातीच्या सोबत्याबरोबर प्रशस्त जागेंत ठेवणारा कोणी विश्वासू मनुष्य मिळाल्यास तें अधिक बरें, असेंही वैद्य म्हणाले. वडिलांनीं महिनाभर शोध केला. तसा कोणी मिळाला नाहीं.

शेवटीं त्यांनीं सर्वांस बसवून दोनच प्रश्न विचारले. ती कधींच बोलली नाहीं, कधींच हातावर बसली नाहीं, तरी ती आपणांस हवी आहे काय? आणि राखी पोपट नीट जोपासला तर चाळीस वर्षें, कधीं त्याहूनही अधिक जगतो. तर आमच्यामागें तिला कोण पाहील? मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मी पाहीन. पण तिला बोलायला शिकवायचें नाहीं."

अशा पक्ष्यास घरीं आणावें कीं नाहीं, याचा निर्णय या दोन प्रश्नांच्या उत्तरांतच आहे. करमणुकीसाठीं पोपट हवा असेल त्यानें त्या वाटेस जाऊंच नये. नकार देणें हीही पक्ष्यावर दयाच होय. परंतु ज्यास नुसता आश्रय द्यावयाचा आहे, त्यानें घाई मात्र करूं नये.

मादी त्या घरीं आली. रोज सकाळीं मुलगा भांड्यांत गाजराचा कीस व कोथिंबीर ठेवतो आणि कांहींही न घेतां हात बाहेर काढतो. पहिले कित्येक दिवस ती गुरगुरत होती. आतां गुरगुरत नाहीं. ती कोपऱ्यांतूनच पाहते. आणि हात रिकामा परत गेला, अशी खात्री झाली, कीं खालीं उतरून खाऊं लागते.