जो आणि तो



कामगार संघटनेचा माणूस व्याकरणावर काय बोलणार, असे आपल्याला वाटले असेल. माझे शिक्षण इथल्या, साताऱ्याच्या रात्रशाळेत झाले. पण व्याकरणाची गरज मला कळली ती सांगलीच्या हळदपेठेत.

तेथील एका वखारीत करार झाला. त्यात वाक्य होते : 'हमालांना, जे कायम आहेत, महागाईभत्ता मिळेल.' आम्ही समजलो, सगळे हमाल कायम ठरले आणि सगळ्यांना भत्ता मिळाला. मालक म्हणाले, जे कायम असतील तेवढ्यांनाच. खाली सही माझी होती. कित्येक माणसे भत्त्याला मुकली.

त्या रात्री मी मोरो केशव दामल्यांचे १९११ सालचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' उघडून बसलो. 'जो' हे संबंधी सर्वनाम. आपल्या बोलण्यात त्याच्या जोडीला 'तो' येतो. 'जे हमाल कायम आहेत, त्यांना भत्ता मिळेल' असे लिहिले असते, तर मेख तिथेच दिसली असती आणि मी सही केली नसती. सगळ्यांना द्यायचा होता, तर सरळ दोन वाक्ये हवी होती : 'सर्व हमाल कायम आहेत. त्या सर्वांना भत्ता मिळेल.' आमचे वाक्य इंग्रजी मसुद्यावरून उतरवलेले होते. त्यात 'जे' होते, 'त्यांना' नव्हते.

पुढे कायद्याची पुस्तके चाळताना लॅटिनशी गाठ पडली. आपले जो, जी, जे. त्यांचे क्वी, क्वाए, क्वोद. नियमही तोच : लिंग-वचन ज्याच्याबद्दल बोलायचे त्याचे, विभक्ती आपापल्या वाक्यातली. 'जिने हळद निवडली, तिला मजुरी द्या.' बाई एकच. पण पहिल्या वाक्यात ती काम करणारी म्हणून 'जिने', दुसऱ्यात घेणारी म्हणून 'तिला'.

लॅटिनमध्ये 'तो' पुष्कळदा अध्याहृत असतो. 'क्वी फाकित पेर आलिउम, फाकित पेर से' हे कायद्यातले जुने सूत्र. अर्थ असा की, जो दुसऱ्याकडून करवितो, तो स्वतःच करतो. ठेकेदाराकडे बोट दाखवणाऱ्या मालकासमोर हे सूत्र मी अनेकदा मांडले आहे.

आमच्या अभ्यासवर्गात आता रोज फलकावरची दोन छोटी वाक्ये घेऊन जो-तो लावून जोडतात, आणि जोडलेली पुन्हा सोडवतात. आपणही घरी करून पाहा. कागद भाड्याचा असो की कर्जाचा, सहीपूर्वी विचारा : यातला 'जो' कोण, आणि त्याचा 'तो' कुठे आहे? मी हे सहीनंतर विचारले, म्हणून आज आपल्यापुढे सांगितले.