पाण्याशी पालटणारे कापड



धोतरावरचा हळदीचा डाग साबण लागताच तांबडा होतो. लिंबू चोळले की पुन्हा पिवळा. आम्ल आणि क्षार यांची ही पारख आपल्या माताभगिनींना ठाऊकच आहे. शास्त्रज्ञांनी आता रंगाऐवजी कापडाचे भिजणेच असे पालटते केले आहे. सुती कापडावर अमाइन गट असलेल्या बहुवारिकाचा लेप देतात. साध्या पाण्याचा थेंब त्यावरून अळवावरच्यासारखा घरंगळतो. पाणी पुरेसे आंबट केले, की त्या गटांवर धन विद्युतभार येतो, ते पाण्याला ओढून घेतात आणि तेच कापड चिंब होते! आम्ल धुऊन वाळवले, की पुन्हा पूर्ववत.

याचा उपयोग काय? कोरडे असता हे कापड तेल गाळते व पाणी अडवते. आंबट पाण्याने भिजले की नेमके उलट. एखाद्या कारखान्याचे तेलकट पाणी आपल्या पवनेला मिळण्याआधी असे गाळता आले तर कोणाला नको आहे? पण घासून-धुऊन लेप झिजतो, आणि घोडे तिथेच अडते.