राखेखालचा निखारा



कृष्णविवर म्हटले की सर्व काही गिळणारा राक्षस आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. १९६३ साली मार्टेन श्मिट यांनी एका क्वेसारचे प्रचंड अंतर ओळखले आणि अशा राक्षसाच्या पंगतीत केवढा लखलखाट होतो, याचा विचार पुढे सुरू झाला. आज मात्र मी या मेजवानीविषयी बोलणार नाही. साध्यासुध्या दीर्घिकांच्या पोटात जी धुगधुगी आहे, तिच्याविषयी बोलणार आहे.

ती ओळखायची कशी? हो, फिलिपेंको व सार्जंट या ज्योतिर्विदांनी पालोमारच्या मोठ्या दुर्बिणीने जवळच्या ४८६ दीर्घिकांच्या गाभ्यांचे वर्णपट तपासले. १९९७ साली त्यांनी निष्कर्ष मांडला, की शंभरांतील चाळीसांहून अधिक गाभ्यांत मंद हालचालीची चिन्हे आहेत. येथे शंकाकार विचारील, ‘हा उजेड म्हाताऱ्या, तापलेल्या ताऱ्यांचा कशावरून नाही?’ शंका रास्त आहे, आणि काही दीर्घिकांच्या बाबतीत ती खरीही ठरते. म्हणूनच दुसरा साक्षीदार लागतो. नेमक्या मध्यबिंदूतून क्ष-किरण आणि रेडिओ-लहरी येत असतील, तर आरोप पक्का होतो.

दूर कशाला, आपल्याच आकाशगंगेचे पाहा. सुमारे २६ हजार प्रकाशवर्षांवर धनू राशीच्या दिशेला ४० लाख सूर्यांच्या वजनाचे कृष्णविवर आहे. त्याच्याभोवती सुमारे १६ वर्षांत फेरी मारणाऱ्या ताऱ्याने त्याचे वजन सांगितले. गेंझेल आणि गेझ यांना २०२० चे नोबेल मिळाले ते याच शोधासाठी. पण याचा प्रकाश किती? अवघ्या काही शे सूर्यांएवढा! त्याच्या ऐपतीच्या दहा कोटींव्या हिश्श्याहूनही कमी.

असे का? एक तर ताटात वाढले जाते तेच थोडे: शेजारच्या ताऱ्यांवरून उडालेला विरळ वायू. त्यातलाही बराचसा तोंडापर्यंत पोचत नाही, वाटेतूनच बाहेर फेकला जातो. आणि जो पोचतो तो इतका विरळ, की आपली उष्णता प्रकाशरूपाने बाहेर टाकण्यापूर्वीच तो उष्णतेसकट विवरात नाहीसा होतो.

मग हा राक्षस कायमचा निजला आहे काय? मुळीच नाही. त्याच्या आसपासचे काही वायुमेघ आज क्ष-किरणांत चमकतात. पण ते तेज त्यांचे स्वतःचे नव्हे, तो प्रतिध्वनी आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या ध्रुवीकरणाच्या मोजणीवरून असे दिसते, की आपल्या हिशेबाने सुमारे २०० वर्षांपूर्वी हे विवर काही काळ भडकले होते. म्हणजे आपल्याकडे पेशवाईची अखेर होत होती, त्या सुमारास ती झळाळी येथे येऊन गेली, आणि ती टिपणारे साधन तेव्हा पृथ्वीवर कोणाकडेच नव्हते.

मित्रहो, केवळ लखलखाट पाहून विश्वाचा स्वभाव ठरवू गेलो, तर आपण फसू. भडकलेली चूल क्वचित दिसते. राखेखालचा निखारा घरोघरी असतो. तो मोजण्याची चिकाटी ज्यांनी दाखविली, त्यांच्यामुळेच आपल्याला आपल्या घरच्या चुलीची खबर लागली.